एकविसाव्या पायरीखाली

"खोली मिळेल, पण त्या बाईच्या तळ्यात चूळ टाकू नका," असं हेडमास्तरांनी मला सांगितलं, तेव्हा मला वाटलं तळं तिच्या मालकीचं असेल. तसं काही नव्हतं. तळं गावाचं होतं. तिला त्यावर कुणी नेमलंही नव्हतं. तरी तिला विचारल्याशिवाय त्या पाण्यात कुणी म्हैस उतरवत नसे, आणि साबण लावून कपडे धुणारीच्या बादलीवर वरच्या पायरीवरून नेमका खडा येऊन आदळे. बादलीवरच. माणसाला खडा लागल्याचं मी नऊ वर्षांत एकदाही पाहिलं नाही.

आता त्या सगळ्या भागाला नवी मुंबई म्हणतात. तेव्हा ते नाव कुणाच्या डोक्यातही नव्हतं. खाडी, खाडीलगत मिठागरं, त्यांच्या अलीकडे भाताची खाचरं आणि मधल्या उंचवट्यांवर बसलेली गावं. आमचं गाव त्यांतलं जरा मोठं. बाजार भरायचा, पोस्ट होतं, सातवीपर्यंत शाळा होती. पनवेलहून दिवसातून दोनदा एसटी यायची. मी घाटावरून नोकरीला आलेली, बावीस वर्षांची, मुलींच्या वर्गावरची नवी बाई. गावातल्या विहिरी होळीपर्यंत मचूळ होत आणि नंतर खाऱ्या. पिण्याजोगं पाणी एकाच ठिकाणी होतं, ते या जुन्या दगडी तळ्यात.

माझी घरमालकीण आगरी. नवरा कधीच गेलेला, एकुलता मुलगा मुंबईला गोदीत कामाला. गावात तिला 'तळ्याची बाय' म्हणत. मी मावशी म्हणू लागले, त्यावर तिने हो-ना काही केलं नाही. ती मला 'बाई' म्हणायची आणि अरेतुरेत बोलायची. ती सगळ्यांनाच अरेतुरेत बोलायची, फौजदारालासुद्धा.

तळ्याला पश्चिमेकडून पायऱ्या होत्या, एकवीस. तिचं पंचांग म्हणजे या पायऱ्या. श्रावणात पाणी दुसऱ्या पायरीला टेकायचं आणि मग वर्षभर एकेक पायरी उतरत वैशाखात सतरा-अठरापर्यंत जायचं. तिथून पुन्हा चढती. महिने, तिथ्या, सण यांच्याशी तिचं विशेष देणंघेणं नव्हतं. मी कधी आले हे ती पुढे कित्येक वर्षं लोकांना सांगायची ते असं: "ही आल्ती तवा पानी उतरत्या नवव्या पायरीला व्हता." तिचा स्वतःचा जन्म चढत्या सातवीचा. मुलाचा उतरत्या चौथीचा. नवऱ्याचा मचवा बुडाला तो दिवस उतरत्या पंधरावीचा. हे शेवटचं सांगताना तिचा आवाज जराही बदलत नसे. पंधरावीनंतर सोळावी यायची, एवढंच.

रोज उजाडताना ती तळ्यावर जाऊन पाण्याच्या काठाशी उभी राही. वाकून हाताची चार बोटं उभी पाण्यात बुडवी आणि कालच्यापेक्षा किती उतरलं ते बघे. घरी येऊन चुलीपाशी बसता बसता मला सांगे, "बोट गेला." म्हणजे एक बोटभर पाणी कमी झालं. मी तेव्हा अंगणात दात घासत असे. हे मला सांगून काय उपयोग, असा प्रश्न मला सुरुवातीला पडायचा. पुढे पडेनासा झाला, आणि एखाद्या दिवशी ती सांगायला विसरली तर मीच विचारू लागले.

दुसरं कुठलं पाणी ती पीत नसे. मुलाच्या लग्नाला मुंबईला जायचं ठरलं तेव्हा तिने तळ्याच्या पाण्याच्या दोन कळश्या फडक्याने तोंड बांधून बरोबर घेतल्या. मोरा बंदराच्या लाँचवर खलाशी म्हणाला, "आजी, मुंबईत नळ हायेत." तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. आठ दिवस राहायचं म्हणून गेली होती. तिसऱ्या दिवशी पहिली कळशी संपली, चौथ्या दिवशी दुसरी कुणीतरी पाहुण्यांना चहाला वापरून टाकली. पाचव्या दिवशी दुपारी ती परत अंगणात हजर. नवी सून कशी आहे विचारलं, तर म्हणाली, "पोरगी बरी हाय. पानी लोखंडाचा हाय."

आणि तिची गोष्ट. तळ्याची गोष्ट सांगणं हा गावात तिचाच मान होता. तिला ती आईकडून आलेली, आईला तिच्या आईकडून. बाहेरचा माणूस आला, एखादी सून नवी आली, की तिला बोलावणं यायचं. गोष्ट अशी होती: फार पूर्वी एकदा उधाणाने खाडीचा बांध फोडला आणि खारं पाणी गावात शिरलं. सगळ्या विहिरी नासल्या. गावातले पुरुष मचव्यांवर बाहेरगावी गेलेले. तेव्हा गावच्या बायका एकत्र आल्या, सातवीसा बायका, म्हणजे एकशेचाळीस. मावशीच्या आजीच्या पणजीने करवंटीने पहिली माती उपसली. पावसाळ्यापर्यंत त्या खणत राहिल्या आणि शेवटच्या दिवशी खडकातून गोड झरा फुटला. पुरुष परत आले तेव्हा त्यांना बायकांनी भरलेलं तळं दाखवलं.

ही गोष्ट ती दर वेळी शब्दाला शब्द तशीच सांगे. मी एकदा ती वहीत उतरवून घेतली. लिहून झाल्यावर तिने मला वाचून दाखवायला लावलं आणि मध्येच थांबवलं. "करवंटीने माती उपसली, असा नाय. 'पयली माती करवंटीने उपसली.' पयली आधी." मी खोडून पुन्हा लिहिलं.

लग्नाच्या हळदीला नवरीसाठी लागणारं पाणी तळ्यातून आणायचा मान याच गोष्टीमुळे तिचा होता. गावात लग्न कुणाचंही असो, पहिली घागर ती भरायची. त्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसायची, बाया तिच्या मागून गाणी म्हणत यायच्या. वर्षातले तेवढेच दिवस ती कुणावर ओरडत नसे.

तळ्याच्या पूर्वेला पायऱ्या नव्हत्या. तिथे खचलेला बांध होता, आणि त्या बांधावर खालच्या वस्तीच्या बायका घागरी घेऊन उभ्या असायच्या. वस्ती मिठागरांना लागून होती. मी येण्याच्या थोडं आधी वस्तीने बुद्धाचा धर्म घेतला होता. गावाने त्याची फारशी दखल घेतलेली नव्हती. त्यांनी पाण्याला हात लावायचा नाही, दुसऱ्या कुणीतरी काढून वरून घालायचं, ही रीत चालूच होती. ते घालण्याचं काम मावशी करायची. रोज सकाळी, एकही दिवस न चुकता, सगळ्यांच्या घागरी भरेपर्यंत. कधी कुणाला रिकामं पाठवलं नाही. त्यामुळे गावात ती मनाने मोठी समजली जाई, आणि तीही स्वतःला तसंच समजत असावी.

मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, "मावशी, त्यांना पायऱ्यांवरून का येऊ देत नाही? सरकारने तर कायदा केलाय."

"तला आमच्या बायांनी खनलाय," ती म्हणाली. "त्यांनी नाय."

मी पुढे बोलले नाही. गावात दुसरी खोली मिळण्यासारखी नव्हती, हे कारण होतंच. शिवाय बोलायचा धीरही नव्हता.

बांधावर उभ्या राहणाऱ्या बायकांत भागी नावाची एक होती. वयाने मावशीएवढीच, मिठागरात काम करून तळपाय पांढरे पडलेले. बाकीच्या बायका पाणी घेताना मान खाली घालत. भागी घालत नसे. घागर भरत असताना ती समोर, पायऱ्यांकडे बघत राही. दोघी जवळजवळ वीस वर्षं रोज सकाळी समोरासमोर यायच्या, आणि "सर", "झाला", "दुसरी दे" यापलीकडे त्यांच्यात बोलणं नव्हतं.

*

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखाने यायला लागले, तेव्हाची गोष्ट. त्यांतल्या एका कारखान्याला पाणी हवं होतं. मिठागरांचे मालक असलेलं शेटचं घराणं मुंबईला राहायचं. त्यांनी अर्ज केला की गावचं तळं आमच्या पूर्वजांनी बांधलंय, ते आमच्या नावावर करून मिळावं. तसं झालं असतं तर तळ्यावर पंप बसून पाणी कारखान्याला गेलं असतं. पंचायतीने हरकत घेतली. मग प्रांतसाहेब स्वतः येऊन जागेवर चौकशी करणार, असं पत्र आलं.

सरपंच मावशीकडे आले. ओटीवर बसून म्हणाले, "वयनी, तू फक्त गोष्ट सांग. साहेबाला पटली पाह्यजे."

"पटाला काय झाला?" ती म्हणाली. "खरी हाय."

मी आत पोरींच्या वह्या तपासत होते. साहेबांपुढे शेटचा माणूस कागद ठेवणार आणि आपण करवंटीची गोष्ट सांगणार, यातून काय होईल ते मला दिसत होतं. पण सरपंचांना ते सांगणारी मी कोण?

त्या वर्षी आदल्या पावसाळ्यात पाऊस अर्ध्यातच गेला होता. पाणी होळीलाच अठराव्या पायरीला गेलं. मावशी सकाळी चार बोटं बुडवून यायची आणि काही न बोलता चुलीपाशी बसायची. चैत्र संपता संपता एकविसावी पायरीही कोरडी पडली. तिच्या आईने, आजीने पाहिलेली ती शेवटची पायरी. पाणी आणखी उतरलं आणि तिच्याखाली चिखलातून आणखी एक पायरी निघाली. मग दुसरी. यांना तिच्याकडे नावं नव्हती. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा पहिल्यांदा मला ती घाबरलेली वाटली.

"बाई," ती म्हणाली, "तिथं दगडावर कायतरी कोरल्याला हाय. तू चल."

आम्ही गेलो तेव्हा टळटळीत दुपार होती, तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. मधोमध डबकं उरलं होतं, खळ्याएवढं. तेविसाव्या पायरीच्या बाजूला, तळ्याच्या भिंतीत एक उभी शिळा बसवलेली होती. निम्मी चिखलात. मावशीने नारळाच्या सोडणाने ती घासली. अक्षरं झिजलेली, काही दिसत नव्हतं. मी शाळेत जाऊन खडू आणला, आडवा धरून शिळेवर चोळला. खोलगट अक्षरं काळी राहिली आणि बाकी दगड पांढरा झाला.

"वाच," ती म्हणाली.

मला जुळवायला वेळ लागला. शकाचा आकडा गेला होता. बाकीचं होतं. शेटच्या घराण्यातल्या एकाचं नाव, आणि मग: हे तळे बांधविले, सर्व रयतेस पाण्यास दिले. खोदकाम महारवाडा येथील असामी सातवीसा यांजकडून वेठीने करविले. यास जो हरकत करील त्यास गाईची आण.

मी वाचून थांबले.

"परत वाच."

मी परत वाचलं. ती शिळेपाशी उकिडवी बसली होती. "सातवीसा कुठं लिवलाय? बोट ठेव." मी बोट ठेवलं. तिने माझं बोट बाजूला करून आपलं ठेवलं आणि ती चार अक्षरं चाचपली.

"सातवीसाच हाय नं?"

"सातवीसाच आहे."

"आनि बाया?"

"बाया असं नाही म्हटलेलं. असामी. म्हणजे माणसं. वस्तीची माणसं. वेठीला धरून त्यांच्याकडून खणून घेतलं."

"तू खोटा वाचतेस."

मी तिसऱ्यांदा वाचलं, एकेका अक्षरावर बोट ठेवून, पहिलीतल्या पोरीला वाचून दाखवावं तसं. शेवटच्या ओळीशी तिने मला थांबवलं.

"हरकत म्हंजे?"

"अडवणं," मी म्हणाले. "पाणी घेणाऱ्याला जो अडवेल त्याला गाईची शपथ."

ऊन डोक्यावर होतं, चिखलाला कुबट वास येत होता. मग ती म्हणाली, "माती लाव परत."

मी लावली. याबद्दल मला सांगायला हवं, कारण पुढे लोकांनी ही गोष्ट सांगताना माझा तेवढा भाग नेहमी गाळला. दोन्ही हातांनी चिखल घेऊन मी ती शिळा लिंपली. त्या शिळेने तळं वाचणार होतं, ते मला कळत होतं. तिला न दुखावता कसं सांगावं ते कळत नव्हतं, आणि मला वाटतं, मला तिला दुखावायचं नव्हतं.

चौकशीला दोन दिवस होते. ते दोन्ही दिवस ती तळ्यावर गेली नाही. सकाळी वस्तीच्या बायका बांधावर येऊन उभ्या राहिल्या. त्या दिवसांत त्यांना डबक्यातलं पाणी घालावं लागे. कुणीच घालायला आलं नाही. शेवटी शाळेत जाता जाता मी गेले आणि घातलं. मला घागर नीट धरता येत नव्हती, अर्धं पाणी सांडलं. भागीने विचारलं, "ती कुठं हाय?"

"बरं नाही तिला."

"मरायला टेकली तरी येईल ती," भागी म्हणाली. "काय झाला ते सांग."

मी सांगितलं नाही.

*

प्रांतसाहेब आले ते सकाळी दहाच्या सुमाराला. तळ्याच्या काठावर शाळेतलं टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या होत्या. गाव जमलं होतं. वस्तीची माणसं नेहमीप्रमाणे पूर्वेच्या बांधावर. शेटचा दिवाणजी पांढरी टोपी, काळा कोट घालून आलेला. त्याने एक जुना कागद साहेबांपुढे ठेवला. तळं शेटच्या पूर्वजाने बांधल्याचा त्यात उल्लेख होता. साहेबांनी वाचला, बाजूला ठेवला.

"गावातर्फे कोण बोलणार?"

सरपंचांनी मावशीला पुढे केलं. ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. साहेब मध्यमवयीन, सभ्य गृहस्थ होते; त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"तळं कधी बांधलं, तुम्हाला काही माहिती आहे का?"

"नाय."

सरपंच खाकरले. "वयनी, ती गोष्ट..."

"गोष्ट माज्याजवल हाय," ती साहेबांना म्हणाली, "पन ती खोटी हाय. तू माज्यासंगती खाली चल."

असं म्हणून ती पायऱ्या उतरू लागली. साहेब क्षणभर थांबले, मग छत्री घेऊन मागून गेले. बाकीचे काठावरून बघत राहिले. तेविसाव्या पायरीवर ती गुडघ्यांवर बसली आणि मी लिंपलेली माती नखांनी काढू लागली. वाळून कडक झाली होती. ठेवणीतल्या लुगड्याच्या पदराने तिने दगड पुसला.

"बाई," तिने वर बघून हाक मारली, "वाच. मोठ्यानं वाच."

मी खाली गेले. शाळेत कविता म्हणून घेते तशा आवाजात वाचलं. तळ्याच्या भिंतींमुळे आवाज वरपर्यंत जात होता. 'सर्व रयतेस पाण्यास दिले' ऐकल्यावर गावातून एकदम गलका झाला. तळं आपलं झालं हे सगळ्यांना कळलं. पुढची ओळ मी वाचली, तेव्हा तो गलका बसत गेला. शपथेची ओळ वाचली तेव्हा काठावरचे काहीजण पूर्वेच्या बांधाकडे बघत होते.

साहेबांनी शिळा स्वतः तपासली, मजकूर उतरवून घेतला. दिवाणजीला म्हणाले, "बांधल्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण दिलेलंही दिसतंय." दिवाणजीने कोटाची बटणं चाचपली. काम संपल्यासारखं होतं. साहेब वळणार, तेवढ्यात मावशी म्हणाली, "अजून लिव."

"काय लिहू?"

"हरकत करनारी मी. वीस वरसां मी ह्यांना ह्या पायऱ्यांवर पाय ठेवू दिला नाय. ती आन मना लागते. लिव."

"त्याची काही आवश्यकता नाही, बाई."

"लिव."

साहेबांनी कागदावर पेन टेकवून दोन ओळी लिहिल्या. मी शेजारीच उभी होते. त्यांनी लिहिलं होतं: 'शिळेची उंची अंदाजे तीन फूट. स्थिती समाधानकारक.' तिला वाचता येत नव्हतं. तिचं समाधान झालं.

मग ती तळ्याच्या तळातून, त्या भेगाळलेल्या चिखलावरून चालत पूर्वेच्या बांधाखाली गेली. वर भागी उभी होती.

"भागी," ती म्हणाली, "तिकरून ये. पायऱ्यांवरून उतर."

भागीने तिच्याकडे बघितलं, तळाकडे बघितलं. "आता कशाला उतरू? चिखल बघाला?" ती म्हणाली. "पानी व्हता तवा नाय बोल्लीस."

भागी घागर कमरेवर घेऊन वस्तीकडे निघून गेली.

*

तळं गावाकडे राहिलं. कारखान्याने पाण्याची सोय दुसरीकडे केली. आषाढात तळं भरलं, श्रावणात पाणी दुसऱ्या पायरीला आलं. तळं भरल्यावरही पंधरा दिवस वस्तीतून कुणी आलं नाही; त्यांनी मिठागराच्या टाकीवरून पाणी आणलं. सोळाव्या की सतराव्या दिवशी भागी आली. बांधावर न जाता ती पश्चिमेला आली, चपला वर काढल्या आणि उतरून तिने घागर बुडवली. मावशी वरच्या पायरीवर बसलेली होती. पलीकडे एकजण म्हैस आणत होता, त्याला तिने अशा शिव्या दिल्या की मी घरात ऐकल्या.

गावाने हे सहज घेतलं असं नाही. तळं वाचलं याचा आनंद आठ दिवस टिकला. मग बोलणं सुरू झालं. सरपंच म्हणाले, "दगड दाखवलास ते ठीक, पन पुढचा कोनी सांगिटला व्हता?" काही घरांनी तळ्याचं पाणी पिणं सोडलं, आणि होळीला विहिरी खारट झाल्यावर मुकाट्याने पुन्हा धरलं. तिच्या दिराने तिच्या घरी जेवणं थांबवलं. पण तिला लागलं ते दुसरंच. त्या वर्षी गावात सहा लग्नं झाली आणि हळदीच्या पाण्याला तिला एकाही घरून बोलावणं आलं नाही. पहिली घागर सरपंचांच्या सुनेने भरली. बायका गात आमच्या अंगणावरून गेल्या. मावशी ओटीवर तांदूळ निवडत होती. खडे बाजूला टाकता टाकता तिने तांदळाचे दाणेही टाकलेले मी पाहिले, पण बोलले नाही. असं तीन वर्षं चाललं. चौथ्या वर्षी एका घरून बोलावणं आलं. तिने निरोप पाठवला की गुडघे दुखतात. गुडघे तिचे मरेपर्यंत ठणठणीत होते.

मुलगा येऊन म्हणाला, "आये, चल मुंबईला. आता इथं काय हाय तुजा?" ती म्हणाली, "पानी हाय."

गोष्ट सांगणं तिने सोडून दिलं. शाळेतल्या मुली कधीतरी म्हणायच्या, "करवंटीची गोष्ट सांग नं," तर ती उठून जायची. मला वाटायचं, तिने ती थोडी बदलून सांगावी. माणसं बदलली तरी मेहनत तीच, आकडाही तोच. एकदा तसं बोलूनही पाहिलं. ती म्हणाली, "बदलाला ती माजी हाय का?" माझ्या वहीत ती अजून आहे, 'पहिली माती करवंटीने उपसली' अशी खाडाखोड केलेली.

मध्यंतरी त्या बाजूला जाणं झालं. तळ्याभोवती रेलिंग आहे, सिमेंटचे बाक आहेत, सकाळी लोक बूट घालून चकरा मारतात. तळ्याच्या इतिहासाचा एक फलक आहे, त्यावर चार ओळी. त्या कुणी लिहिल्या कोण जाणे. शिळेचा त्यात उल्लेख नाही. पायऱ्यांवर जाळी बसवली आहे आणि पाणी वर्षभर एकाच पातळीवर असतं, टँकरने भरतात म्हणाले. तिचा मृत्यू मी बदली होऊन गेल्यावर झाला. मुलाचं पत्र आलं होतं, त्यात तारीख होती. कितव्या पायरीला पाणी होतं ते त्याने लिहिलं नव्हतं, आणि मलाही ते विचारायचं सुचलं नाही.

तिची माझ्याकडची शेवटची आठवण बदलीच्या आदल्या आठवड्यातली आहे. गावांची माहिती गोळा करणारा एक तरुण मुलगा वही घेऊन आला होता, चष्मा लावलेला, घाम पुसत. त्याला कुणीतरी तळ्याच्या बायकडे पाठवलं. ती वरच्या पायरीवर बसली होती, मी शेजारी होते.

"आजी, हे तळं कुणी खणलं याची जुनी कथा तुम्हाला येते म्हणतात."

"मना नाय येत," ती म्हणाली. "तिला विचार."

भागी खालच्या पायरीवर घागर विसळत होती. मुलगा चार पायऱ्या उतरून तिच्याजवळ गेला आणि वही उघडून उभा राहिला. "तळ्याची गोष्ट सांगता का? तुमच्या लोकांत कशी सांगतात?"

भागीने घागर भरली, कडेला ठेवली, पदर खोचला.

"आमच्या लोकांत गोष्ट नाय," ती म्हणाली. "आमची मानसां खनत व्हती. सांगत बसाला कोन मोकला व्हता?"

मुलाला काय लिहावं कळेना. भागीने घागर डोक्यावर घेतली आणि पायऱ्या चढू लागली. मावशी उठली. तिला वाट द्यायला बाजूला झाली, आणि ती जवळ आल्यावर तिच्या पायांकडे बघत म्हणाली, "सावकास. त्या पायरीवर शेवाल हाय."